गुरू वायूचा नाही

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. पाटीवर 'पाण्याची मोटर, पंखा, मिक्सर भरून मिळेल' असं लिहिलंय आणि त्याच्याखाली, तेवढ्याच जाड अक्षरांत, 'गुरू वायूचा नाही'.

ही दुसरी ओळ वाचून माणसं थबकतात. एकदा एका सज्जनांनी चपला बाहेर काढून, हात जोडून, हे महाराज कुठले असं विचारलं होतं. दुसऱ्या एकांना वाटलं, इथे पोटातल्या वायूवर काहीतरी मिळतं. दोघांनाही मालकीणबाईंनी स्टुलावर बसवलं. गुरू म्हणजे आकाशातला गुरू, आणि तो नुसता वायूचा गोळा आहे असं जे शाळेत शिकवतात ते अर्धवट आहे, हे त्यांना सविस्तर सांगितलं. पहिले सज्जन चपला घालून निघून गेले. दुसरे खरोखरच पोट धरून आले होते. ते अर्ध्या तासानं तसेच पोट धरून गेले.

मालकीणबाई म्हणजे इंदूताई भोईर. पन्नाशी उलटलेली, चणीनं लहान, साडीवर कायम एक जुना पुरुषी शर्ट. तांब्याची तार ओढून ओढून बोटांवर बारीक रेघा पडलेल्या, अंगाला वार्निशचा वास. तालुक्यात कुठल्याही विहिरीवरची मोटर जळली की ती इंदूताईंकडे येते. आणि मोटर जिच्याकडे येते तिचं सगळं ऐकून घ्यावं लागतं, त्याला इलाज नसतो.

मी शहापूरला राहतो आणि मुरबाडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. संध्याकाळची परतीची एसटी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि स्टँडवर बसायला धड जागा नाही. म्हणून मी इंदूताईंच्या दुकानातल्या स्टुलावर बसायला लागलो. माझी चूक एवढीच झाली की मी काय शिकवतो हे मी त्यांना सांगितलं.

"म्हंजे तो गॅसचा गोळा तुमीच शिकवता," त्या म्हणाल्या. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात होता.

हे प्रकरण सुरू झालं ते एका रद्दी पेपरमुळे. कुणी गिऱ्हाईक जुनं बेअरिंग रविवारच्या पुरवणीत गुंडाळून घेऊन आलं. इंदूताई हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकत नाहीत. त्यात लिहिलं होतं की गुरूच्या पोटात एक अवाढव्य डायनॅमो आहे. झालं. इंदूताईंना राग आला. डायनॅमो त्यांना चांगला ठाऊक. त्याला तार लागते, ती गुंडाळावी लागते, बांधावी लागते, वार्निश द्यावं लागतं. इथे तर तारेचा पत्ता नाही, आणि मजकूर लिहिणारा खुशाल डायनॅमो म्हणून मोकळा.

"मग वाइंडिंग कोणी केलं?" त्यांनी मला विचारलं. "म्हंजे आमी काय खुळे? तीस वर्षं तार गुंडाळतो आमी."

मी पुस्तकातलं दोन ओळींचं उत्तर दिलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी पटलं नव्हतं. मग त्या मोबाइलच्या मागे लागल्या. हिंदी व्हिडिओ त्या स्वतः बघत. इंग्रजी मजकूर आला की मला वाचायला लावत आणि मी एखादं वाक्य गाळलं तर त्यांना बरोबर कळे. माझ्या दोन गाड्या अशा चुकल्या. तिसरी मी समोरून जाताना पाहिली, पण उठायची हिंमत झाली नाही.

महिन्याभरात त्या मला शिकवू लागल्या. गुरू वरून वायूचा आहे, हे त्यांना मान्य होतं. पण आत जाल तसा दाब इतका वाढतो की हायड्रोजन पाण्यासारखा पातळ होतो, आणि आणखी आत गेलं की तो धातूसारखा वागतो, त्यातून वीज वाहते. आत उष्णता आहे म्हणून तो खदखदतो, आणि गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो म्हणून तो घुसळलाही जातो. वीज वाहून नेणारी वस्तू चुंबकात हलली की करंट तयार होणारच, आणि करंट तयार झाला की त्याचं पुन्हा चुंबक होणार. तार नाही, कारण पातळ धातू स्वतःच तार आहे. हे समजलं त्या दिवशी इंदूताईंनी शेजारच्या चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना बोलावून सांगितलं. कुणाला काहीच वाटलं नाही, याचा त्यांना प्रचंड संताप आला. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून त्यांनी पाटीवर ती ओळ रंगवून घेतली.

पुढे त्या लहरींपर्यंत पोचल्या. पातळ धातूत चुंबकाच्या रेषा ताणलेल्या दोरीसारख्या बसतात, हे दाखवायला त्यांनी कॉइल बांधायची सुती पट्टी भिंतीतल्या खिळ्यापासून दाराच्या कडीपर्यंत ताणून बांधली आणि मधे टिचकी मारली. धातू हलला की रेष ओढली जाते, रेष उलट धातूला ओढते, आणि मग लहर चालत जाते, आतल्या आत. तिथं पाठवलेलं यान गुरूजवळून पुन्हा पुन्हा जाऊन चुंबकाचं माप घेतं, आणि ते माप थोडं थोडं बदलतं त्यावरून आतला प्रवाह कसा मागेपुढे होतो ते काढतात.

"एक लहर जाऊन यायला वर्षं लागतात, सर," त्या म्हणाल्या. "आणि तुमी अर्धा तास एसटी नाय आली तर तोंड वाकडं करता."

हे त्या कुठेही सांगत. एकदा ओळखीच्या घरी पंखा बसवायला गेल्या, तर तिथं लग्नाची बैठक बसलेली. पत्रिका बघणारे गृहस्थ म्हणाले, मुलीला गुरूबळ कमी आहे. इंदूताई शिडीवर होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, बळ कोणाचं कमी? गुरूचं? अहो, त्याच्यापुढं आपल्या पृथ्वीचं म्हणजे कपाटाच्या दाराला लावतात ते चुंबक. मग शिडीवरूनच पुढचं सगळं. मुलाकडच्या मंडळींना वाटलं, बाई मुलीची आत्या आहे आणि तिच्याशी वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं बरं. लग्न जमलं. पंखा मात्र तीन दिवस एकाच पात्यानिशी लटकत राहिला.

आता मला ज्याची चीड आहे ते सांगतो.

आमच्या शाळेत विज्ञान दिन होता. पाहुणे म्हणून शहरातले एक निवृत्त प्राध्यापक आले होते. नाव सांगत नाही, सांगण्याजोगा माणूस नव्हे. त्याच सकाळी इंदूताई शाळेच्या बोअरची मोटर भरून घेऊन आल्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांना सहज म्हटलं, बसा कार्यक्रमाला. त्या शेवटच्या रांगेत, शर्ट काढून, पदर नीट करून बसल्या.

पाहुणे ग्रहमालेवर बोलत होते. गुरूवर आले. म्हणाले, गुरू म्हणजे नुसता गॅस, पाय ठेवायला जागा नाही. इथवर ठीक होतं. मग हसून म्हणाले, आणि त्याच्या आत काय चाललंय ते कुणाला कळणार? त्याला चिरून थोडंच पाहता येतं.

मी व्यासपीठाच्या कडेला सत्काराचं ताट घेऊन उभा होतो. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. मला तिथूनच दिसलं, शेवटच्या रांगेत इंदूताई उठल्या.

त्या घाबरल्या होत्या, हे मला कळत होतं, कारण त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होत्या. त्यांनी सांगितलं की गुरू नुसता गॅस नाही, आत पातळ धातू आहे. आणि न चिरता कळतं. त्या म्हणाल्या, मोटर बिघडली की मी आधी ती खोलत नाही, चालू मोटरच्या बॉडीला स्क्रू ड्रायव्हर लावते, त्याची मूठ कानाला लावते, कुठलं बेअरिंग गेलं ते ऐकू येतं. तसं गुरूचं चुंबक मोजून आतल्या लहरी कळतात. एवढं बोलून त्या थांबल्या. चांगलं बोलल्या होत्या. मी वर्गात इतकं सोपं कधी सांगितलेलं नाही.

पाहुण्यांनी विचारलं, बाई, आपण करता काय?

"मोटर भरते," इंदूताई म्हणाल्या.

"मग मोटर भरा. गुरू आमच्यावर सोडा."

सभागृह हसलं. मुलं हसली, ते समजण्यासारखं आहे, मुलं कशालाही हसतात. मुख्याध्यापक हसले. ज्यांच्या घरच्या मोटरी इंदूताईंनी भरल्यात असे पाच-सहा पालक समोर होते, तेही हसले. इंदूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या सभागृहात त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे माहीत असलेला मी एकटा होतो, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी ताटातल्या नारळाकडे पाहिलं.

त्या गेल्या. कार्यक्रम पुढे चालू झाला आणि मी त्या माणसाच्या खांद्यावर शाल घातली.

पुढचा आठवडाभर मी संतापलेला होतो. त्या प्राध्यापकावर, मुख्याध्यापकांवर, त्या पालकांवर. बायकोला सगळं दोनदा सांगितलं. तिनं दुसऱ्यांदा ऐकून विचारलं की मग तुम्ही काय म्हणालात. त्यानंतर मी तिच्यावरही संतापलो. नववीच्या वर्गात मी गुरूचा धडा पुन्हा घेतला आणि पुस्तकात नाही तेही सगळं सांगितलं. पण चाळीस मुलांसमोर, दार लावून, खरं बोलण्यात काही मर्दुमकी नसते. संध्याकाळी स्टँडवर मी मागच्या बाजूनं जायचो आणि खांबाआड उभा राहायचो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी एका खांबाआड लपत होतो.

शेवटी एका शनिवारी धीर करून दुकानात गेलो. दुकान बंद. चहावाला म्हणाला, ताई हल्ली साडेचारलाच जाते, वैशाखऱ्याला घर आहे, माळशेजच्या गाडीत बसा. बसलो.

इंदूताईंचा नवरा हयात आहे हे मला माहीत होतं. दामोदर त्याचं नाव, दुकान मूळचं त्याचं. बाई दिवसभर राबते आणि हा घरी बसून असतो, असा माझा समज होता आणि त्या न पाहिलेल्या माणसावरही मी अधूनमधून चिडत असे. वैशाखऱ्याला उतरून घर विचारलं तेव्हा वाट दाखवणाऱ्या बाईनं सांगितलं की दामूदादाला दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मुरबाडात रोज बसून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दिवेलागणीला अजून थोडा वेळ होता. पडवीत पलंगावर दामोदर उशांना टेकून बसलेला दिसला. इंदूताई पाठमोऱ्या, हातात भाताची ताटली, आणि तोंड चालू. मी अंगणातच थांबलो, कारण त्या जे सांगत होत्या ते त्या सभागृहातलं होतं.

त्या प्राध्यापकाची नक्कल करत होत्या. मान वर, बोटं कोटात अडकवल्यासारखी. नक्कल झकास होती. मोटर भरा, गुरू आमच्यावर सोडा. सगळी हसली, त्या म्हणाल्या, मुलं हसली, हेडमास्तर हसले. दामोदरच्या डाव्या डोळ्यात राग दिसत होता.

"मग आपले सर उठले," इंदूताई म्हणाल्या. "हातातलं ताट ठेवलं खाली. बोलले, साहेब, बाई बरोबर बोलतात. मी इतकी वर्षं पोरांना अर्धवट शिकवतोय, मला हिनं शिकवलं. हॉल एकदम गप. त्या परोफेसरचं तोंड असं झालं."

त्यांनी तोंड करून दाखवलं. दामोदरच्या घशातून एक आवाज निघाला. अर्धा चेहरा जागचा हलला नाही, पण उरलेला अर्धा हसत होता. त्याच क्षणी इंदूताईंनी त्याच्या उघड्या तोंडात घास घातला.

मग त्याची नजर माझ्यावर गेली म्हणून त्या वळल्या. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते मी विसरणार नाही. पण ते आलं तसं त्यांनी पुसून टाकलं.

"हे बघा, आलेच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हेच ते सर."

दामोदरनं डावा हात उचलला. एकाच हाताचा नमस्कार करायला त्याला वेळ लागला. मी उभाच राहिलो.

चहा ठेवायच्या निमित्तानं त्या आत गेल्या, मी मागोमाग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मी पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली, की त्या दिवशी मी जे केलं ते. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तिथं नाय बोललात, ते झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथं मोडू नका. त्याच्यावर जेवतात ते."

मग थोडं थोडं सांगितलं. आजारपणानंतर दामोदरनं जेवण टाकलं होतं. घास तोंडात धरून बसायचा, गिळायचा नाही. एक दिवस त्या गिऱ्हाइकाशी भांडून आल्या होत्या आणि रागारागात ते भांडण त्याला सांगत भरवत होत्या, तर सगळी ताटली संपली. तेव्हापासून रोज एक भांडण घरी आणावं लागतं. साधी गोष्ट चालत नाही, कुणाचं बरं झालं, कुणाचं बारसं झालं, असल्या गोष्टींना तो तोंड उघडत नाही. गुरूचा विषय सापडला आणि मग भांडणांना तोटा राहिला नाही. मोटरीवरून भांडलं तर गिऱ्हाईक तुटतं, त्या म्हणाल्या, गुरूवरून कोण तुटणार? आणि दामोदर स्वतः कारागीर, त्याला डायनॅमोचं सगळं कळतं. कुणी चुकीचं बोललं की त्यालाही राग येतो.

"पण त्या दिवशी मी हरून आले," इंदूताई म्हणाल्या. "हरलेलं कसं सांगू त्यांना? म्हणून तुमाला उभं केलं. आता रोज तेच लागतं. आठ दिवस झाले."

बाहेरून टकटक ऐकू आली. दामोदर पलंगाच्या लोखंडी कडेवर बोट आपटत होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यानं ते बोट हवेत गोल फिरवलं.

"पुन्हा सांग म्हणतायत," इंदूताई म्हणाल्या. ताटलीत अजून निम्मा भात होता.

मी चहाचा कप घेऊन समोरच्या खुर्चीत बसलो. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. शेवटची रांग, पाहुण्यांचं भाषण, चिरून पाहता येतं का ते. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावल्याचं सांगताना त्यांनी खरंच मूठ कानाला लावली आणि दामोदरनं मान डोलावली, तसंच ऐकायचं म्हणून. प्राध्यापक आला. मोटर भरा आलं. सगळी हसली. आणि तिथं आल्यावर इंदूताई थांबल्या. घास हातात तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सभागृहात पाहिलं होतं तसंच.

मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो. पडवीत आम्ही तीनच माणसं होतो.

"साहेब," मी म्हणालो. मग दामोदरला नीट ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो, "साहेब, या बाई बरोबर बोलतायत. चूक तुमची आहे. आणि माझीही. यांना हसू नका."

दामोदरच्या घशातून तो आवाज निघाला. इंदूताईंनी घास भरवला आणि पदराच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली.

"पुढं बोला," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "थांबलात की ते गिळत नाहीत."